झाडून काढलेली देवराई

मंडळी, जरा सरसावून बसा! एक विचारतो. देवाची सेवा म्हणजे काय हो? देवाला हवं ते करणं, की पाहुण्यांना बरं दिसेल ते? ... का हो, माना खाली का गेल्या?

तर ऐका! सह्याद्रीच्या कुशीत आंबेघोळ नावाचं गाव. वर काळकाईची देवराई — भर दुपारी अंधार! नवा रस्ता म्हणे तिच्या मधोमध जाणार. सरपंच तानूबाई तडक तालुक्याला धावली. तिथं कळलं — सरकारच्या हवामान आराखड्यात राईचं नाव लागलं, तर रस्ता वळेल! तपासणीला एक मॅडम येणार.

आता पाहुणे येणार म्हटलं की आपल्या हातात पहिलं काय येतं? — झाडू! बरोबर!

तानूबाईनं अख्खं गाव कामाला लावलं. पाला लोटला, कुजके ओंडके ओढून काढले, खोडांना चुना नि गेरू! म्हातारे धाकू गुरव काठी आपटत आले. "तानू, राईतली काडी हलवत नाहीत गं!"

"काका, मी काय चोरतेय? कचरा काढतेय! देवीला कचऱ्यात ठेवू?"

राईचं काही जाळायचं नाही, एवढी रीत मात्र तिनं पाळली. ढीग राईबाहेर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. खाली बसल्या, माती चाचपली. "पाला कुठाय?"

"साफ केला!" — तानूबाईची छाती ही एवढी फुगलेली!

"अहो, झाडं हवेतला कार्बन ओढतात, तो या पाल्यात, कुजक्या लाकडात, मातीत साठतो. पाणी मुरतं ते इथंच. तुम्ही राईचा जीवच बाहेर टाकलात! आता आराखड्यात काय दाखवू?"

तानूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. जिला वाचवायचं, तिलाच आपण उघडं पाडलं! पण बाई खमकी. पदर खोचला, टोपली उचलली. "जाळला नाहीये, मॅडम. आत्ताच्या आत्ता परत घालते!"

आणि काय सांगू! काल बाहेर ओढलेला ओंडका आज आत — तेच गडी, तीच दोरी, शिव्या तेवढ्या नव्या! धाकू गुरव हसून बेजार. मॅडमनीही ओढणी कमरेला बांधली. जाताना म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर बघते. तोवर निर्णय थांबवते."

आल्या! पाय पाल्यात रुतला, ओंडक्यावर अळंबी फुललेली, खालच्या झऱ्याला पाणी! राईचं नाव लागलं, रस्ता वळला. तानूबाईला त्या रात्री शांत झोप लागली. आणि आंबेघोळात आता रीतच पडलीय — राईत शिरताना चपला बाहेर, झाडूही बाहेर!

आता तुमच्याकडे वळतो, सुटाल कसे? उद्या सकाळी अंगणातल्या झाडाखालचा पाला गोळा कराल, काडी ओढायला जाल — तेव्हा हात आवरा! त्याच झाडाच्या बुडाशी घाला तो, आणि मोठ्यानं म्हणा — आई काळकाई, तुझं तुझ्यापाशी!