ओट्याची उंची

कुडाळहून सुटलेल्या एसटीत पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने फोन खिशात टाकला आणि तो बायकोकडे वळला. मागच्या बाकावर बसलेल्या, त्यांना अनोळखी असलेल्या रश्मीचे कान तिकडेच होते.

"गवंडी इचारत होतो, सैपाकघरातलो नवीन ओटो कितको उंच करूचो."

"तुमी काय सांगलात?"

"सुनेच्या मापाचो. ती उंच आसा गो."

"सून मुंबयसून येतली मे म्हयन्यात, आठ दिस."

"एकदाच काय तो होवंदे. परत मोडूक पैशे खंय आसत?"

"आणि वरीसभर रांधतलंय मी!"

"तू पाटार उभी रव."

"तुमची आवस, माजी सासू, बुटकी. जुनो ओटो तिच्या मापाचो. तीस वर्सां वाकान रांधलंय."

"मगे तेवाच सांगूचा नाय?"

"माका इचारल्यान कोणी? ...माळ्यावरचो पाट तेवडो काडून ठेवा."