आईच्या रकान्याचं वजन

न्हाई, ती स्क्रीन माझ्याकडं वळव आन परत वाच — पयल्या नंबरला काय लिवलंय? ‘मुलाची आई सोबत राहते.’ खाली मान घालून काय वाचतोस? अरे समर्थ, तुझ्या बापानं हे वधूवर मंडळ काढलं तवापासनं ही तानूबाई लोणीवरनं मंचरला खेटे घालतीय, माझ्या एकुलत्या एक गोरक्षासाठी, आन तू कंप्युटर शिकून आलास तर मलाच नकाराचं कारण ठरवतोस? हळू काय बोलू — मी हळूच बोलतीय.

काय म्हणालास मघाशी, लॉजिस्टिक रिग्रेशन. आजवरचे सारे बघण्याचे कार्यक्रम त्यात घातले, होकार कुणाला, नकार कुणाला, आन कुठली गोष्ट किती वजनाची ते मशीननं काढलं. बरं. शिक्षण एवढं, नोकरी एवढी, आन जमीन लई हलकी — का, तर गुंठ्यात मोजली म्हणून. एकरात मोजली आसती तर वजनाचा आकडा चाळीसपट दिसला आसता, हे तूच सांगितलंस. म्हंजी जमीन तेवढीच, वजन तुझ्या हातात. आता म्हणशील सारं एका मापावर आणून परत बघितलं — बघितलंस, आन तरी मीच वर. मला कशात मोजलं रं? घरात हाय तर एक, न्हाई तर शून्य. झालं माझं माप.

आन मला सांग, आई जवळ कुणाच्या राहती? जो गावात शेती करतो त्याच्या. पुण्यात फ्लॅट घेतलेल्याची आई गावाकडंच आसती. पोरींना नको आसतंय शेण आन शेती, तुझ्या मशीनला दोन्ही एकाच घरात दिसतंय, मग खापर फोडायचं तर फोड तानूबाईच्या डोक्यावर. ‘असंही असू शकतं मावशी’ काय — मग पयल्या नंबरला घातलंस कसं?

अवसरीची प्रांजल तर शेतीला हां म्हणाली व्हती. गायी आवडायच्या तिला. मी काय वाईट बोलले? एवढंच म्हणाले, आमच्याकडं सासूच्या आधी सून उठती. आन फोन दिवसा कपाटात. आन गोरक्षाला जेवाण मीच वाढते, ते मीच वाढणार — आधी सांगितलेलं बरं का न्हाई? तर तिची आई अर्धा चहा ठेवून उठली. तवापासनं गोरक्ष माझ्याशी बोलत न्हाई. बोलतो, गायीला पेंड घातली का, एवढं बोलतो. नवरा गेल्यावर मेंढरामागं हिंडून वाढवला मी त्याला, आन आता बायको मिळंना म्हणून रातच्याला भिंतीकडं तोंड करून निजतो.

काढ मला. तूच म्हणालास ना, बाकी सारं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची, मग कळतं ती किती मोठी. ठेव तसंच — शेती तीच, गायी त्याच, त्याचं वय तेच. फक्त माझ्या रकान्यात एकाच्या जागी शून्य घाल. घाल म्हणते ना. काय बी फरक पडणार न्हाई, आन मग तुझ्या बापाम्होरं तुझी हजेरी घेते मी.

होकाराचं आदी किती व्हतं — शंभरात अकरा.

आन आता?

छत्तीस. पुन्यांदा दाब. एखाद्या टायमाला चुकतंय.

बरं.

ऱ्हाऊ दे तसंच. न्हाई, परत एक घालू नको. फॉर्मवर बी तसंच लिव, आई सोबत राहत नाही. खोटं कशाला आसंल — माझ्या भावाकडं, कुशाबाकडं, एक खोली मोकळीच हाय. गोरक्षाला तू सांगू नको, मी सांगीन. तो म्हणंल, नको आई, जाऊ नको. आन तसं न्हाईच म्हणाला तर —

लिव तू. माझ्या तोंडाकडं काय बघतोस, लिव.