तिकटीवरचा कॅमेरा

ऐका. हुंकार देत राहा, म्हणजे कोण जागं आहे ते मला कळेल. आणि मधेच उठून कुणी दाराबाहेर जायचं नाही. ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं.

मी मगदूम आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटायला जायची, तेव्हाची ही गोष्ट. अण्णाप्पा मगदूम. अंगानं भरलेला, बोलायला कमी, पण हाताला चव अशी की लोक लग्नाची तारीख त्याला विचारून धरायचे. त्याची एक जुनी मोटार होती. मागची सीट काढून टाकलेली, तिथं पातेली, कढया, झारे. गाडी चालली की सगळं खणाखणा वाजायचं.

त्या दिवशी तालुक्याला लग्न होतं. आम्ही बायका टेम्पोनं पुढं आलो. अण्णा भांडी घासून घ्यायला मागं राहिला. निघाला तेव्हा दिवस बुडालेला. एकटाच होता.

तालुक्यातून बाहेर पडलं की तिकटी लागते. तीन रस्ते मिळतात तिथं. त्यातला ओढ्याकाठचा रस्ता आपल्या गावाला जवळचा. अण्णा तिकटीवर आला तर एक माणूस कंदील घेऊन उभा. आता मला सांगा, घरोघरी लाईट आलेली, खिशाखिशात मोबाईल, आणि हा कंदील घेऊन उभा. पण अण्णा दमला होता, त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या माणसानं ओढ्याच्या रस्त्याकडं हात केला. अण्णा वळला.

चालला, चालला. ओढा आला, पूल आला, चिंच आली. आता आपली शीव लागणार, म्हणून बघतो तर पुढं तिकटी. तीच. तोच खांब, खांबावर दिवा, दिव्याखाली नगरपालिकेचा कॅमेरा. त्याला वाटलं, डुलकी लागली असेल, वळण चुकलं असेल. परत निघाला. ओढा, पूल, चिंच. परत तिकटी.

तिसऱ्यांदा निघाला आणि भांडी वाजायची थांबली. खड्डे तसेच, गाडी तशीच हादरतेय, आणि भांडी गप्प. कुणी वर बसावं तशी. गाडी मागून दबली. मग आवाज आला. अगदी साधा, तुमच्या-माझ्यासारखा.

"पाव्हणं, जरा चुना द्या की."

अण्णानं ओ दिली नाही. मागं बघितलं नाही. त्याच्या आईनं त्याला लहानपणी सांगितलं होतं, चकवा लागला तर चालत राहायचं नाही. चालणाऱ्याला तो फिरवतो. बसून राहायचं, उजाडेपर्यंत. तिकटी पुन्हा आली तशी अण्णानं गाडी कडेला घेतली, लुकलुकते दिवे लावले आणि हात मांडीवर ठेवून बसला.

मागं चुना मागणं चालूच. आधी विनवणी. मग दरडावणं. मग बरं का, मग तो आवाज त्याच्या आईचा झाला. मरून किती वर्षं झालेली आई. "अण्णाप्पा, दे की रे बाळा. तोंड कोरडं पडलंय."

अण्णाचा हात खिशाकडं गेला. चुन्याची डबी हाताला लागली. आणि तेवढ्यात धाडकन एक पिकअप येऊन त्याच्या गाडीवर आदळली.

अण्णाचं डोकं फुटलं. पण डबी खिशातच राहिली, म्हणून तो आज आहे.

पिकअप चालवत होता रामलिंग हुक्केरी, भाजीचा व्यापारी. शेजारी त्याची बायको गौरव्वा. तिचा पाय मोडला. माणसं धावली, गाड्या ढकलून बाजूला केल्या, तिला दवाखान्यात नेलं. पोलीस येईपर्यंत कुठली गाडी कुठं होती याचा काही माग राहिला नाही. रामलिंगनं तक्रार दिली, मोटार रस्त्याच्या मधोमध होती, दिवा एक नव्हता.

अण्णा घरी आला आणि चुलीपुढं बसेना. मी भेटायला गेले.

"हौसाक्का," तो म्हणाला, "मी गाडी कडेला घेतली होती. पण त्या रात्री मला जे दिसलं त्यातलं खरं किती? कड समजून मी मधेच उभा राहिलो असलो तर? त्या माउलीचा पाय मी मोडला."

"मग कॅमेऱ्याला विचार की," मी म्हणाले. "त्याला कुठला चकवा?"

दोघं गेलो नगरपालिकेत. ते म्हणाले पोलिसांकडं जा. पोलीस म्हणाले नगरपालिकेत जा. शेवटी जिन्याखालच्या कॅमेऱ्याच्या खोलीत नसीमा मुजावर नावाची मुलगी भेटली. ती म्हणाली, "काका, जुनं चित्रण महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. तुमचे थोडेच दिवस उरलेत. आधी एवढाच अर्ज द्या, की हे पुसू नका. तारीख, वेळ, ठिकाण घाला. बघायची परवानगी मग मागा."

तिनंच अर्ज लिहून दिला. नगरपालिकेच्या साहेबांनी तो मंजूर केला, बघायच्या परवानगीचं पोलिसांचं पत्रही आलं. तेव्हा अण्णा म्हणाला, "हुक्केरींनाही बोलवा. माझ्यावर उलटलं तर त्यांच्यासमोरच उलटू दे."

रामलिंग आला. आमच्याकडं न बघता बसला. नसीमानं चित्रण लावलं.

अण्णाची गाडी डावीकडून आली, उजवीकडं गेली. थोड्या वेळानं परत डावीकडून आली, उजवीकडं गेली. मग परत. नसीमाचा हात थांबला. "काका, तुम्ही दर वेळी जाताय," ती हळूच म्हणाली. "परत येताना दिसतच नाही."

मग गाडी आली आणि थांबली. डांबर सोडून, पार मातीत. दिवे लुकलुकतायत. अण्णानं डोळे मिटून घेतले. मी त्याला हलवून म्हणाले, "बघ रे. कडेला आहेस."

मग पिकअप आली. सरळ येत होती. रस्ता मोकळा, माणूस नाही, जनावर नाही. आणि मोकळ्या रस्त्यात समोर काहीतरी असावं तशी एकदम वळली, अण्णाच्या गाडीवर.

रामलिंग उठून उभा राहिला. "देवाशपथ सांगतो, मला ह्यांची गाडी मधोमध दिसली. तिला चुकवायलाच कडेला घेतली."

"आणि कडेला मी होतो," अण्णा म्हणाला.

मग रामलिंगनं अण्णाचा हात हातात घेतला. नसीमानं पाणी दिलं.

रामलिंगनं तक्रार मागं घेतली. गौरव्वा दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागली. पुढं त्यांच्या लेकीचं लग्न झालं, जेवण अण्णाचं, पुऱ्या माझ्या. पंगत बसायच्या आधी गौरव्वा जरा लंगडत चुलवणापाशी आली. पहिलं पान तिनं आचाऱ्याला वाढलं, स्वतः. म्हणाली, "अण्णा, चित्रण बघायला गेलात त्या दिवशी तुम्ही खोटं पडावं असं मला वाटत होतं. बरं झालं, दोघंही खरे निघालात." अण्णानं मान खाली घातली आणि पोटभर जेवला. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच त्याला असं जेवताना बघितलं मी.

तर ऐका. तालुक्याहून यायला उशीर झाला तर ओढ्याच्या रस्त्याला वळू नका. कुणी कितीही हात करू दे. माळावरचा रस्ता लांब पडतो, पडू दे. घरी आल्यावर परत गरम केलेलं जेवायला लागेल, एवढंच.