घासायचा राहिलेला कमठा

माहं मायेर तुमसरकडचं, बाप धानाच्या गिरनीत हमाल, लगन होऊन मी इथी मोहाडीजवळ आली तं घरात धानापेक्षा लाकडाचाच पसारा जास्त. आमचा बुढा वाढई. बुढा म्हनते म्हनून हसू नका, लगनातच असा गंभीर चेहरा करून बसला होता का म्या तवाच मनात बुढा म्हनून टाकलं. नांगर करे, बैलबंड्या करे, दारं करे. कमठे मंग सुरू झाले. कमठा म्हंजे तुमचं धनुष्य हो. मंडईतल्या, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकात रामाले पायजे म्हनून एक करून देल्ला, तो भंडाऱ्याच्या तीरंदाजी शिकवनाऱ्या मास्तरानं पाह्यला, म्हने हा तं खराखुरा चालते, माह्या पोट्ट्यायसाठी करून द्या. झालं. नांगर बाजूले पडले अन आंगनात कमठेच कमठे.

धामनाचं लाकूड तो चाकूनं सोले अन घासनं माह्याकडे. काय सांगू तुमाले, लोकायले वाटते घासनं म्हंजे भांडे घासनं. नाई जी. पयले काचेच्या तुकड्यानं खरवडा, मंग जाडा रेगमाल, घासाचा खरखरीत कागद हो, मंग बारीक, मंग वल्ल्या फडक्यानं पुसा, का लाकडाचे रोवे उभे रायतात, ते सुकले का पुन्हा घासा. एखांदा रोवा रायला का पोट्ट्याच्या हातात घुसते. मंग जवसाचं तेल, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, तळहात गरम होयेपरेंत चोळा, सावलीत सुकवा, पुन्हा चोळा.

धानाच्या रोवन्याच्या दिवसात चिखलानं माहे हात असे फाटत का मले काई समजेच ना, रेगमालही गुळगुळीत लागे. तं बुढा म्हने गाल लाव. म्या म्हनलं वेडे झाले काय तुमी, लोक पाहतीन. म्हने पाहू दे. मंग तेच चाललं. तो एक कोना धरून उभा, मी डोळे मिटून गाल लावून सरकत जाये, अन तो विचारे, अडते का? अडते म्हनलं का पुन्हा घासा, नाई अडत म्हनलं का मंगच तेल. कधी कधी मी उगाच अडते म्हनो. तेवढीच गोठ वाढे, दुसरं काय. तसा तो बोलनारा मानूस नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं हा कमठा सोलला, भितीले टेकवला, म्हने उद्या घास, आज थकली तू. सकाळी उठलाच नाई. लेक वरठीले प्लांटमधी आहे, म्हने आई इकडे ये. गेली होती. सून चांगली आहे, खोटं कायले बोलू, पन दिवसभर दार लावून टीव्ही पाहा, मले नाई जमलं. वापस आली. इथी भिती तरी ओळखीच्या. पन घर खावाले उठते बाप्पा, आपलाच आवाज ऐकून मानूस दचकते.

मास्तर येऊन गेला, काकू तो शेवटचा कमठा द्या म्हने. म्या म्हनलं झाला नाई अजून. होईन कसा, म्या हातच नव्हता लावला. त्याच्यावर बुढ्याच्या चाकूच्या खुना आहेत ना, इथी जोर देल्ला, इथी हात हलका केला, सारं दिसे. घासलं का त्या गेल्या.

मंग पानकळ्यात, पाऊस लागल्यावर, पाहते तं खाली पिवळं पीठ पडलेलं. घुन. कोऱ्या लाकडाले तेल नाई तं घुन लागनारच, मले काय माहित नव्हतं? भल्ला राग आला. घुनाचा नाई, बुढ्याचा. मी घासेपरेंत तं थांबाचं होतं. खूप रडली. ठेवला तसाच तं घुन खाऊन टाकन, घासला तं मीच पुसून टाकन, सांगा, कोन्या तोंडानं घासू?

पन घासला. भोकायमधी निंबोळीचं तेल सोडलं, उन्हात ठेवला, कोना धराले कोनी नाई म्हनून सुतळीनं खांबाले बांधला. खुना जाताना पाहवत नव्हतं, डोळे मिटूनच काच फिरवली. मंग रेगमाल, मंग वल्लं फडकं, मंग पुन्हा. मंग गाल लावला अन मोठ्यानं म्हनलं, नाई अडत. कोनीच काई नाई बोललं.

म्हनून जवसाचं तेल अजून तसंच वाटीत आहे. विचारनाराच नाई तं माह्या म्हनन्याले काय अर्थ हो. तेल पिऊन सुकला का देऊनच टाकते मास्तराले, पोट्टे चालवतीन, त्यायचे हातपाय सलामत राहो, आमच्या घरात ठेवून घुनाले खाऊ घालू काय.

तुमी इतकं लिहून रायले, ठेवा तो पेन जराशा बाजूले. तुमचे हात मऊ असतीन. गाल नोका लावू, हातच फिरवा. थांबा, मी कोना धरते. हं, मिटा डोळे. सांगा बाबू, अडते का?