दगडावरची तारीख

संध्याकाळचे साडेसहा. वाटूर फाटा, तातेरावचं हाटेल, रेडिओ चालू — हे लिहा पहिलं, साहेब. मरणाची तारीख मंग इचारा.

बसा की. तहसीलातून एवढ्या लांब आलात. शहिदाच्या स्मारकाचा दगड तयार हाय, नाव कोरून झालं, फक्त तारीख राह्यली — समजलं मला. धर्मराज माझंच पोरगं, मला न्हाई समजणार तर कोणाला? ह्याच फाट्यावर बैलगाडी उलटवली होती त्यानं, अन् सरकारनं त्याला बॉम्ब टाकायचं इमान चालवायला दिलं! हसा, हसायचीच गोष्ट हाय. लढाईच्या आधी सुट्टीवर आल्ता, तर मायला म्हणला — बांधाकडचा पट्टा पेरू नका, मी इमान तिथंच उतरवतो. थट्टा हो पोराची. पण त्याच्या मायनं, गिरिजाबाईनं, खरं धरलं — सहा साल झाले, पट्टा पडीक, अन् दर दिवाळीला कडंनं चुना टाकती. वरून दिसावा म्हणून. औंदा बैल जुंपले होते मी, नांगर घेऊन गेल्तो तिथवर... जाऊ द्या. ते लिहू नका. तिला कळंल.

तुमच्या कागदात काय हाय? पाच डिसेंबर, एकाहत्तर. इमान गेलं, वापस आलं न्हाई, म्हणून गडी त्याच दिवशी मेला. बराबर? बिलकुल न्हाई! सात तारखेला, त्या साडेसहाला, हाटेलात बसल्तो आम्ही — मी, तातेराव, कचरू. तिकडचा रेडिओ लागला, लाहोरचा. पकडलेल्यांची नावं सांगून राह्यले होते. अन् त्यात आमच्या धर्मराजचं नाव! कचरूनं उठून आवाज वाढवला. पुढच्या साली कैदी सुटले, घरोघर आले — हा न्हाई आला. दिल्लीला इचारलं, तर म्हणले शत्रूचा खोटा प्रचार.

खोटा? नुसतं नाव असतं तर मानलं असतं मी. नाव काय, वर्दीवरबी असतंय. मेल्याच्या अंगावरूनबी वाचता येतंय.

न्हाई, तारीख मी देत न्हाई. घ्या तुमची पिशवी, उठा. चहा नको तर नको. अन् जाता जाता तुमच्या वरच्या साहेबाला इचारा — पट्ट्याची गोष्ट तवा मी, त्याची माय अन् तो, ह्या तिघांबिगर कोणालाच म्हाईत नव्हती. मंग त्या रेडिओवाल्यानं नावापुढं निरोप वाचला तो कोणाचा — मायला सांगा, पट्टा पेरू नका?