शेवंताच्या गालावरचा डाग

मी हिवरखेडची. माहेर अचलपूरकडचं, पण सारी हयात इथंच निंदण-खुरपणात गेली. आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली तवा सासूनं घरातले सारे देव गठुड्यात बांधून नेऊन विहिरीत टाकले, मांगं वळून नाई पाह्यलं, लय धीराची बाई; पण तापल्या लोखंडानं डाग देनं काई तिच्यानं सुटलं नाई, काय सांगू तुमाले. पोट दुखलं का डाग, गाठ आली का डाग.

शेवंता माही थोरली, सात वर्साची. दीक्षेनंतर पाच-सहा वर्सानं असन, तिची दाढ हालाले लागली, दुखे-बिखे काई नाई, भाकर खाता खाता दात हातात. मले वाटलं दुधाचे दात असतीन. मंग गालफड सुजलं, आठ दिसात पेरूएवढं झालं, पंधरा दिसात डोया बाहेर ढकलून राहिलं. न्हाव्यानं पकडीनं दोन दाढा उपटल्या, रगतच रगत, सूज तशीच. सासू म्हणे, आता इळाच पाह्यजे.

डागणारा बुढा आला, चुलीत इळा लाल केला, नवऱ्यानं पाय धरले, सासूनं हात, अन् डोकं कोनं धरलं? म्या. या मांड्यात दाबून धरलं. पोट्टी वरडे, माय सोड वं, सोड वं माय. म्या नाई सोडलं. गालाची चामडी जळल्याचा वास आला तरी नाई सोडलं. बुढा दुसऱ्यांदा टेकवाले वाकला तवा माहं टकुरं फिरलं, इळा हिसकला न् त्याच्याच पाठीवर ठेवला. हो, ठेवला! मले नाई त्याचा पस्तावा.

मंग पोट्टीले अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, डाक्टर जखम पाहून नवऱ्याच्या अंगावरच धावला, तुम्ही माणसं का कसाई? पोटातबी गाठ सापडली. म्हणे बाई, दाताचं काईच नाई, हा रक्ताचा कॅन्सर जबड्यात येऊन बसला, गरम मुलखातल्या लेकरांना होतो. म्या इचारलं, डागानं वाढला का? म्हणे नाही, अन् डागानं थांबलाही नसता.

सोळा दिवस जगली. नर्सच्या हातचं पानी पेई. म्या हात पुढं केला का भिंतीकडं सरके, दोन्ही हातानं डोकं झाके. अवं शेवंता, मी हाये वं, तुही माय. तेच तर भेव होतं तिले. मेली तवाच मांडीवर घेता आली मले.

आता नात नर्स हाये, ते म्हणते आजी, तो एका विषाणूच्या संगतीनं होणारा रोग, तुहा काई दोस नाई. रोगाचा नसन वं बाई.

तुमी लिहून घेऊन राहिले, लिहा बाप्पा. सुखी राहा. तुमच्या लेकराले तुमच्या हाताचं भेव कदी न वाटो.