पाहुण्यांचे दोन शब्द आणि माझा पाय

नाही, पण मी काय म्हणतो, ‘दोन शब्द’ म्हणजे नक्की किती शब्द हो? तुम्हीच सांगा! कारण त्या संयोजकांनी खिडकीत तोंड घालून मला सांगितलं, “साहेब दोन शब्द बोलतील, तेवढा वेळ ब्रेक दाबून धर, काय?” आणि मी गाढव म्हणालो, “धरतो की!”

ब्रेक कसला? आमच्या मामांच्या लष्करी ट्रकचा! मामा फौजेत होते, एक पाय तिकडेच ठेवून आले. मग घरी बसून काय करायचं, म्हणून भंगारातला हा ट्रक आणून नट-नट जोडून पुन्हा उभा केला. आता तो घेऊन आम्ही शहरं फिरतो. लोक चढतात, फोटो काढतात, जखमी जवानांच्या उपचारांसाठी पेटीत काहीतरी टाकतात. मामा बोलणार, मी चालवणार. काम चांगलंय, मी कुठे नाही म्हणतोय? पण मामांना सगळं अस्सल पाहिजे! रंग अस्सल, सीट अस्सल (माझ्या कंबरेला विचारा!), आणि हँडब्रेकसुद्धा अस्सल. म्हणजे लागतच नाही! “मामा, नवीन बसवू या ना!” “मग तो माझा ट्रक राहील का रे?” संपलं बोलणं! गिअरमध्ये ठेवावा, तर तोही अस्सल, निसटतो. म्हणून चाकांपुढे दोन जाडजूड लाकडी ठोकळे लावायचे. ते आहेत म्हणून आम्ही आहोत.

तर इस्पितळाचं आवार. मंचाच्या बाजूला चांगला चढ. संयोजक म्हणाले, “गाडी वर घ्या, मागच्यांनाही दिसली पाहिजे!” घेतली वर, तोंड लोकांकडे करून. आता खाली बघा… ट्रकच्या नाकासमोर पहिली रांग, आणि रांगेत ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप ते जवान, चाकांच्या खुर्च्यांवर! तरी हरकत नाही, ठोकळे होते. पण प्रमुख पाहुणे निघाले बुटके आणि माइक उंच! माइक काही खाली होईना, मग संयोजकांनी पाहुण्यांनाच वर घेतलं. कशावर? बरोब्बर! आमच्या ठोकळ्यांवर!

“मित्रहो, मी फार वेळ घेणार नाही…” असं म्हणाले आणि ते आपल्या बालपणापासून सुरू झाले हो! बालपण, शाळा, शाळेतले गुरुजी… आणि माझा पाय ब्रेकवर!

आधी मुंग्या आल्या. मग पोटरी थरथरायला लागली. उजवा दमला म्हणून डावा ठेवू? पण बदलताना मधल्या क्षणाला कोण धरणार, तुम्ही? ओरडलो, “मामाऽऽ!” मामा मंचावर, गळ्यात हार, कान भोंग्याखाली. त्यांनी कौतुकाने हात हलवला! मग हॉर्न दाबला, म्हटलं धोका कळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या! पाहुणे म्हणतात, “बघा, गाडीसुद्धा दाद देतेय!” आणि पुन्हा नव्याने सुरू! वर एक गृहस्थ खिडकीशी येऊन विचारतात, “ॲव्हरेज काय देते हो?” अहो, इथे माझा जीव जायची वेळ आलीय! आणि माझा पाय ब्रेकवर!

तेवढ्यात ट्रक… कण्हला. बोटभर सरकला. कुणाला कळलं नाही. कळलं फक्त पहिल्या रांगेतल्या एका मिशीवाल्या जवानाला. त्याने चाक बघितलं, माझं तोंड बघितलं आणि नुसता तळवा दाखवला. धर! मग शेजाऱ्यांना हळूच म्हणाला, “रांग… डावीकडे… चल.” काय सांगू तुम्हाला, ना आरडा ना ओरडा, सगळ्या खुर्च्या एका दमात सरकल्या! पाहुण्यांना वाटलं, कंटाळून निघाले. “अहो, बसा, संपतच आलंय!”

आणि सगळ्यांना काढून देणारा मिशीवाला मात्र अडकला! माइकच्या वायरीत खुर्चीचं चाक गुंतलं. तो ओढतोय, वायर ताणतेय, इकडे माझ्या मांडीत गोळा आलाय, ट्रक पुन्हा सरकतोय… आता मामांनी पाहिलं. उठले. “साहेब, उतरा.” “दोनच मुद्दे राहिलेत—” “उतराऽऽ!” असा आवाज लावला, की पाहुणे खाली, संयोजक खाली, माझा पाय जवळजवळ वर! मामा ठोकळा छातीशी धरून, खोट्या पायाने लंगडत धावले आणि त्यांनी तो चाकापुढे टाकला. खाड्! ट्रक थांबला. मिशीवाल्याच्या छातीपासून वीतभर!

मी खिडकीतून रडत होतो, “सॉरी दादा, सॉरी…” तर तो मिशीला पीळ देऊन म्हणतो, “अरे, पाय तर आधीच देऊन बसलोय. तू काय नेणार होतास?”

आता मला उतरता येईना. पाय म्हणजे नुसता ओंडका! मग त्या जवानांनीच खुर्च्या दाराशी लावून मला हातोहात खाली घेतलं आणि वाटपासाठी आणलेल्या चाकांच्या कोऱ्या खुर्चीत बसवलं. बसलो आपला त्यांच्या रांगेत, पोटरी चोळत. तेवढ्यात एक काकू आल्या. डोळ्यांत पाणी, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “एवढ्याशा वयात! कुठे झालं रे बाळा हे?”

शेजारी सगळे जवान ढिम्म! एक जण खरं सांगेल तर शपथ! मी म्हटलं, “काकू… भाषणात.”

काकूंनी सुस्कारा सोडला. “तरी मी आमच्या ह्यांना सांगत असते, पुढे बसत जाऊ नका!”